तुमच्या खिडकीची काच फुटते का?

पार्किंगच्या कोपऱ्यात कधीतरी खडीसाखर सांडल्यासारखा काचेचा ढीग दिसतो. रात्री कुणीतरी गाडीची खिडकी फोडून आतली बॅग पळवलेली असते. आपण ‘अरेरे’ म्हणतो आणि पाय सांभाळत पुढे जातो. पण एक गोष्ट सहसा डोक्यात येत नाही. घरात काचेचा ग्लास पडला की सुऱ्यासारखे तुकडे होतात आणि आई आतूनच ओरडते, ‘आधी चपला घाला!’ मग गाडीच्या खिडकीची खडीसाखर का होते? आणि त्याच गाडीच्या पुढच्या काचेवर हायवेवर दगड उडाला, तर तिथे कोळ्याचं जाळं पसरतं, पण काच जागची हलत नाही. असं का?

कारण त्या दोन वेगवेगळ्या काचा आहेत. कुठली फुटावी, कशी फुटावी आणि कुठली फुटूनही पडू नये, हे सगळं आधीच ठरलेलं असतं. ठरलेलं नसतं ते एकच. आपल्याला, म्हणजे आत बसणाऱ्यांना, हे कुणी सांगायचं?

हा प्रश्न डोक्यात घेऊन गेल्या आठवड्यात मी कॉलेजच्या पार्किंगमध्ये गाड्यांच्या काचा वाचत फिरत होते. ‘वाचत’ हाच शब्द बरोबर आहे. प्रत्येक काचेच्या खालच्या कोपऱ्यात नखाएवढ्या अक्षरांत शिक्का असतो. कंपनीचं नाव, आयएसआयची खूण, ‘आयएस २५५३’ हा मानकाचा क्रमांक आणि बऱ्याचदा ‘लॅमिनेटेड’ किंवा ‘टफन्ड’, ‘टेम्पर्ड’ असा शब्द. तिसऱ्या गाडीपाशी वाकले तेव्हा वॉचमनकाका आलेच. ‘काय शोधताय, मॅडम?’ काचेवरचं लिखाण वाचतेय म्हटल्यावर त्यांनी माझं आयकार्ड मागितलं. त्यांचं चुकलं असं मी म्हणणार नाही. काच वाचणारं माणूस त्यांनी आजवर पाहिलंच नसेल.

तर आधी खडीसाखर. बाजूच्या खिडक्या आणि मागची काच बहुतेक गाड्यांत टफन्ड असते. साधी काच हव्या त्या आकारात कापून, कडा घासून ६०० अंश सेल्सियसच्या वर तापवतात आणि मग दोन्ही बाजूंनी थंड हवेचे जोरदार झोत सोडतात. बाहेरचा थर लगेच घट्ट होतो. आतला थर नंतर सावकाश निवतो, आकसतो आणि बाहेरच्या थराला आत ओढत राहतो. बाहेरचा थर दाबलेला, आतला ताणलेला. रस्सीखेचीत दोन्ही संघ तोडीस तोड असले की दोर जागचा हलत नाही, तसा हा तोल. त्यामुळे ही काच तेवढ्याच जाडीच्या साध्या काचेपेक्षा चार-पाच पट ताकदवान असते. पण रस्सीखेचीत एका बाजूने दोर सोडला की काय होतं? सगळे एकदम धडाधड पडतात. इथेही तडा बाहेरचा थर भेदून आत पोचला की साठलेला सगळा ताण एका क्षणात मोकळा होतो आणि अख्ख्या काचेचे बारीक, बोथट तुकडे होतात. खरचटतं, पण गळा चिरत नाही. एकदा टफन केलेली काच नंतर कापता किंवा भोक पाडता येत नाही, त्याचं कारणही हेच.

आता कोळ्याचं जाळं. पुढची काच लॅमिनेटेड असते. काचेचे दोन पातळ थर आणि मध्ये पॉलिव्हिनाइल ब्युटिरल, म्हणजे पीव्हीबी नावाच्या चिवट प्लास्टिकचा पारदर्शक पडदा. सँडविचच म्हणा. पडद्याची जाडी साधारण पाऊण मिलिमीटर. काच तडकली तरी तुकडे पडद्याला चिकटून राहतात. याचं श्रेय एदुआर बेनेदिक्तुस या फ्रेंच कलाकार-रसायनतज्ज्ञाला देतात. प्रयोगशाळेत त्याच्या हातून काचेचं भांडं खाली पडलं, तडकलं, पण विखुरलं नाही. आत सेल्युलोज नायट्रेटचं द्रावण वाळून त्याचा पापुद्रा धरला होता, असा किस्सा सांगतात. त्याने १९०९ मध्ये पेटंट घेतलं. पण गाडीवाल्यांना ती काच लगेच पसंत पडली नाही. पहिल्या महायुद्धात गॅस मास्कच्या डोळ्यांवर ती आधी बसली आणि मोटारगाड्यांत सर्रास यायला आणखी काही वर्षं गेली. तोवर गाड्यांना साध्या काचा होत्या आणि छोट्या अपघातातही चेहरे फाटत होते. आपल्याकडे १९८९ च्या केंद्रीय मोटार वाहन नियमांनी सगळ्या काचा सेफ्टी ग्लासच्या असाव्यात असं सांगितलं आणि चारचाकींच्या पुढच्या काचेसाठी लॅमिनेटेडची सक्ती आणली.

पुढची काच म्हणजे वारा-पाऊस अडवणारी खिडकी, असं मला परवापर्यंत वाटायचं. तिच्यावर खरं तर आणखी दोन जबाबदाऱ्या असतात. आजच्या गाड्यांत ती रबरात नुसती अडकवलेली नसते. युरेथेनच्या चिकटद्रव्याने गाडीच्या सांगाड्याला पक्की चिकटवलेली असते. गाडी उलटली तर छत खाली दबू नये म्हणून ती हातभार लावते. दुसरी जबाबदारी एअरबॅगची. चालकाशेजारच्या सीटची एअरबॅग डॅशबोर्डमधून वर उसळते, पुढच्या काचेवर आपटते आणि तिथून प्रवाशाकडे वळते. पापणी लवायच्या आत हे सगळं होतं. काच त्या क्षणी जागेवरून निसटली, तर एअरबॅग भलतीकडेच जाते.

म्हणून ‘अर्ध्या तासात काच बदलून मिळेल’ या पाटीकडे जरा संशयाने बघा. काच बसवायला अर्धा तास पुरतही असेल. चिकटद्रव्य वाळायला तो पुरत नाही. कुठलं द्रव्य वापरलंय आणि हवा किती दमट आहे त्याप्रमाणे तासाभरापासून कित्येक तास लागू शकतात. गाडी किती वेळ हलवायची नाही, हे दुकानदाराला विचारा. त्याला सांगता आलं नाही, तर दुसरं दुकान बघा. आणि पैशासाठी लोकल काच टाकायचा विचार असेल तर एक माहिती. आपल्याकडच्या वाहन विम्यात काचेच्या भागांवर घसारा धरत नाहीत. प्लास्टिक किंवा रबराच्या भागांचे निम्मे पैसे कापले जातात, काचेचे नाही. क्लेम केला की नो क्लेम बोनसवर पाणी सोडावं लागू शकतं, तेव्हा तो हिशोब आधी करा. पण शिक्का नसलेली काच बसवून वाचवलेले दोन-तीन हजार हा हिशोबच चुकीचा आहे.

इथवर सगळं सरळ आहे. अडचण सुरू होते ती बाजूच्या खिडक्यांपाशी.

टफन्ड खिडकी फुटली की तिथे काहीच उरत नाही, नुसतं भोक. गाडी गडगडत असेल आणि बेल्ट लावलेला नसेल, तर माणूस त्या भोकातून बाहेर फेकला जातो. गाडीबाहेर फेकलं जाणं हा अपघातातला सर्वांत वाईट प्रकार. म्हणून अमेरिकेने २०११ मध्ये प्रवासी असे बाहेर फेकले जाऊ नयेत यासाठी वेगळा नियम केला. मग पडद्यासारख्या खाली उतरणाऱ्या एअरबॅग सर्रास झाल्या आणि बाजूच्या खिडक्यांनाही लॅमिनेटेड काच वाढू लागली. ती काच चोराला पटकन फोडता येत नाही, बाहेरचा गोंगाटही कमी आत येतो. आपल्याकडे गाडीच्या ब्रोशरमध्ये ‘अकॉस्टिक ग्लास’ असा शब्द दिसला, तर ती बहुधा लॅमिनेटेडच असते. फक्त ब्रोशर शांततेचं कौतुक सांगतं, पुढचं सांगत नाही.

पुढचं म्हणजे काय? २६ जुलै २००५. आपल्यापैकी काहींचा तेव्हा जन्मही झालेला नव्हता. सांताक्रूझला २४ तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस पडला आणि मुंबईच्या रस्त्यांवर गाड्यांमध्ये अडकून माणसं मेली. इंजिन बंद, दारं लॉक, पॉवर विंडो खाली येईनात. दार उघडत का नाही, याचं गणित अकरावीच्या फिजिक्समधलं आहे. गाडीत पाणी शिरलेलं नसेल आणि बाहेर ते दाराच्या अर्धा मीटर उंचीपर्यंत चढलं असेल, तर मीटरभर रुंद दारावर साधारण सव्वाशे किलो वजनाइतका जोर बाहेरून पडतो. आत बसून, घाबरलेल्या अवस्थेत, तो ढकलून बघा. कॅनडातल्या मॅनिटोबा विद्यापीठाचे गॉर्डन गीसब्रेख्ट यांनी गाड्या खरोखर पाण्यात उतरवून प्रयोग केले. त्यांचं सांगणं असं की पहिलं मिनिट हेच काय ते तुमचं. फोन करत बसू नका, दाराशी झटू नका. बेल्ट काढा, खिडकी उघडा किंवा फोडा, मुलांना आधी बाहेर काढा, मग स्वतः निघा.

त्या पावसानंतर मुंबईतल्या अनेकांनी गाडीत हातोडी ठेवायला सुरुवात केली. काहींच्या गाडीत ती आजही असते. पण कुठल्या काचेसाठी? अमेरिकेतल्या ट्रिपल ए या वाहनचालकांच्या संस्थेने २०१९ मध्ये काच फोडायची सहा साधनं तपासली. टफन्ड काच त्यांतल्या चार साधनांनी फुटली. लॅमिनेटेड काचेतून एकही आरपार गेलं नाही. त्याच संस्थेच्या पाहणीत, २०१८ च्या साधारण दर तीन मॉडेलपैकी एका मॉडेलमध्ये बाजूच्या खिडक्या लॅमिनेटेड आढळल्या. म्हणजे हातोडी आहे, हिंमत आहे, पण काचच ती नव्हे, असं होऊ शकतं. आणि व्हॉट्सॲपवर फिरणारा तो ‘हेडरेस्ट काढा आणि काच फोडा’ व्हिडिओ! हेडरेस्ट मान सांभाळायला असतो. काच फोडायचं साधन म्हणून त्याची रचना केलेलीच नाही. त्याचे दांडे टोकदार नसतात आणि टफन्ड काचेला टोकदार, छोट्या जागेवर बसणारा घाव लागतो. काचेच्या मधोमध ती जास्त सोसते, म्हणून घाव कोपऱ्याजवळ घालायचा. स्प्रिंगचं छोटं साधन मिळतं, नुसतं टेकवून दाबलं की आतलं टोक सुटतं. पाण्यात हात फिरवायला जागा नसते तेव्हा हातोडीपेक्षा ते बरं. आणि पुढच्या काचेवर घाव घालत वेळ घालवायचा नाही, ती लॅमिनेटेड आहे, तुम्हाला वाट देणार नाही.

मग बाजूला कुठली काच बरी? मी दोन्ही बाजू वाचल्या आणि माझं मत असं झालं. बाहेर फेकलं जाण्यावरचा पहिला उपाय काच नाही, सीटबेल्ट आहे, मागच्या सीटवरचासुद्धा. बेल्ट लावणाऱ्याला टफन्ड खिडकी पुरते आणि वेळ पडली तर ती वाटही देते. बेल्ट न लावणाऱ्याला कुठलीच काच पुरत नाही. सनरूफमधून कमरेपर्यंत बाहेर येऊन रील काढणाऱ्यांना तर काचेचा प्रकार सांगण्यात अर्थच नाही, ते गाडीच्या सगळ्या बंदोबस्तातून स्वतःहून बाहेर पडलेले असतात. पण बाजूच्या लॅमिनेटेड काचेला माझा विरोध नाही. विरोध आहे तो न सांगता ती बसवण्याला.

काळ्या फिल्मचा विषय टाळता येणार नाही, कारण आपल्या वयात गाडी हातात आली की पहिला खर्च तोच असतो. नियम असा की पुढच्या आणि मागच्या काचेतून निदान ७० टक्के आणि बाजूच्या काचांतून निदान ५० टक्के उजेड आरपार गेला पाहिजे. सर्वोच्च न्यायालयाने २७ एप्रिल २०१२ रोजी वरून चिकटवलेली कुठलीही फिल्म चालणार नाही असा आदेश दिला. पुढे नियमात ‘सेफ्टी ग्लेझिंग’ हा शब्द आला आणि २०२४ मध्ये केरळ उच्च न्यायालयाने त्याच्या आधारे, टक्केवारी पाळणारी फिल्म चालते असं म्हटलं. त्यामुळे सध्या दुकानदार एक सांगतो, सिग्नलवरचे पोलीस दुसरं. नागपूरच्या मे महिन्यात गाडी बाहेर उभी करणाऱ्याला फिल्म का हवीशी वाटते, हे मला समजतं. पण कायदा क्षणभर बाजूला ठेवला तरी काचेचं गणित उरतंच. आतून चिकटवलेली फिल्म फुटलेल्या खडीसाखरेला धरून ठेवते. फुटून मोकळं व्हायचं, वाट द्यायची, हे टफन्ड काचेचं काम, आणि तेच आपण पैसे देऊन बंद करतो. शिवाय रात्री, पावसात, डावीकडून येणारी स्कूटी गडद फिल्ममधून दिसत नाही ते वेगळंच.

तर मागणी काय? फार मोठी नाही. कुठली खिडकी टफन्ड आणि कुठली लॅमिनेटेड, हे गाडीच्या ब्रोशरमध्ये आणि दाराच्या आतल्या बाजूला, चष्म्याशिवाय वाचता येईल अशा मराठी-हिंदी अक्षरांत लिहिलेलं असावं. टायरच्या हवेचा आकडा दाराच्या चौकटीवर चिकटवता येतो, तर हा एक शब्द का नाही? आणि लर्निंग लायसन्सच्या परीक्षेत इतकी चिन्हं ओळखायला लावतात, त्यात एक प्रश्न असाही यावा, की गाडी पाण्यात अडकली तर कुठली काच फोडाल. तोवर स्वतः बघायची एक सोपी युक्ती आहे. खिडकी अर्धी खाली करा आणि काचेची वरची कड नीट बघा. कडेत दोन थर आणि मधली बारीक रेघ दिसली तर लॅमिनेटेड, एकसंध दिसली तर टफन्ड. दहा सेकंदांचं काम आहे.

अर्थात आपल्यातल्या बहुतेकांकडे गाडी नाहीच. आपण ट्रॅव्हल्सने जातो. रात्री नागपूर, अमरावती, लातूर, कोल्हापूर, सकाळी पुणे. तेव्हा हे सगळं बसलाही लावून बघायला हवं. १ जुलै २०२३ च्या पहाटे नागपूरहून पुण्याकडे निघालेली खासगी बस समृद्धी महामार्गावर सिंदखेडराजाजवळ उलटली आणि पेटली. ती नेमकी दाराच्या बाजूवर पडली, म्हणजे दार खाली दबलं. २५ जण गेले. वाचलेल्यांतल्या काहींनी खिडकीची काच फोडून स्वतःला बाहेर काढलं होतं. एसी बसच्या खिडक्या उघडत नाहीत, त्या नुसत्या बसवलेल्या मोठ्या काचा असतात. दार बंद झालं की तीच वाट. त्यासाठीच दोन खिडक्यांच्या मध्ये ती छोटी लाल हातोडी लटकवलेली असते.

असते, म्हणजे असायला हवी. मी गेल्या काही प्रवासांत मुद्दाम बघितलं. कुठे नुसती खाच, कुठे खाचेत खोचलेला वेफर्सचा रिकामा पुडा. बसमालकांना झापायला माझा हात शिवशिवत होता, आणि त्यांना झापायलाच हवं, कारण प्रवाशांच्या खिशात जाणारी वस्तू पुन्हा बसवणं आणि दर फेरीआधी तपासणं हे त्यांचंच काम आहे. पण मग आठवलं, की तशी लाल हातोडी मी याआधी कुठे बघितली होती. एका मित्राच्या हॉस्टेलच्या रूमवर, पुस्तकांच्या रॅकवर, ट्रॅफिकच्या कोनाशेजारी. ट्रिपची आठवण म्हणून आणलेली. आम्ही सगळे हसलो होतो, मीसुद्धा. ती हातोडी ज्या सीटच्या वरून काढली, त्या सीटवर त्यानंतर दर रात्री कुणीतरी झोपून प्रवास करत असेल, हे तेव्हा कुणाच्याच मनात आलं नाही.

सुट्टीत घरी जायची बुकिंग सुरू झाली आहेत. बसमध्ये चढलात की चार्जिंगचा पॉइंट शोधायच्या आधी वर बघा. हातोडी नसेल तर क्लीनरला विचारा, तो हसला तरी पुन्हा विचारा, आणि रिकाम्या खाचेचा फोटो तिकीट काढलेल्या ॲपच्या रिव्ह्यूमध्ये टाका, चादरीच्या वासाबद्दल टाकता तसाच. मित्राला मी फोन केला. तो म्हणाला, ‘अगं, आता कुठली बस होती ते कुठे लक्षात आहे!’ शेवटी असं ठरलंय, की शुक्रवारी जाताना हातोडी बॅगेत घालायची आणि पहिली रिकामी खाच दिसेल तिथे लावून टाकायची.